बाल्साचं कंट्रोल लाइन विमान आत का येतं? लाइनचा ताण वारंवार जाण्याची कारणं आणि इलाज

कंट्रोल लाइन विमान म्हणजे हातातल्या हँडलला जोडलेल्या दोन लाइनवर (तारांवर) उडवणाऱ्याभोवती गोल फिरणारं मॉडेल. त्याचं हे लक्षण ओळखीचं आहे. सरळ फेऱ्यांत विमान ठीक चालतं. लूपसाठी वर नेलं, किंवा डोक्यावरून पलीकडे काढलं, की हँडलवरची ओढ जाते, लाइनला झोळ पडतो आणि एलिव्हेटर (शेपटीचा नाक वर-खाली करणारा आडवा भाग) ऐकेनासं होतं. मग रडर (शेपटीचा उभा भाग) आणखी थोडा बाहेर वळवला जातो, बाहेरच्या पंखात शिसं वाढवलं जातं. चार उड्डाणं बरी जातात आणि दोष परत येतो. रडर आणि शिसं या दोन गोष्टींना सगळ्यात आधी हात लावला जातो, आणि नेमका तोच क्रम चुकीचा आहे. विमानाला बाहेर ओढणारं बळ सहसा पुरेसं असतं. विमान आत कललेलं असतं किंवा त्याचं नाक आत वळलेलं असतं, म्हणून ते बळ वाया जातं.

खालचे आकडे एका ठरावीक विमानाचे धरले आहेत: पंखाचा विस्तार १.२५ मीटरच्या आसपास, रिकाम्या टाकीसह वजन १.१ किलो, .३५ घनइंची ग्लो इंजिन, १० × ६ चा लाकडी प्रॉपेलर, ०.३८ मिमी जाडीच्या सात पदरी पोलादी लाइन, लांबी १८.३ मीटर म्हणजे ६० फूट. नोब्लरच्या घराण्यातली विमानं साधारण या मापाची असतात. रिंगमास्टरसारखं १०६७ मिमी विस्ताराचं विमान असेल तर मापं प्रमाणात कमी करा, तर्क बदलत नाही. विमान नेहमीप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं असं धरलं आहे, म्हणजे डावा पंख आत, उजवा बाहेर. विमान उलटं केलं तरी डावा पंख आतच राहतो, फक्त फिरण्याची दिशा बदलते. पुढचं निदान या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती पक्की लक्षात असू द्या.

ताण किती असायला हवा

फेरीला ५.२ सेकंद लागत असतील तर विमानावर बाहेरच्या दिशेनं साधारण २.८ जी (वजनाच्या २.८ पट) इतकं बळ असतं, म्हणजे हँडलवर ३.१ किलोची ओढ. फेरी ६ सेकंदांची झाली की तीच ओढ २.३ किलोवर येते, आणि ६.५ सेकंदांना २ किलोवर. ओढ वेगाच्या वर्गानं घटते, त्यामुळे इंजिन जरा रिच (इंधन जास्त, म्हणून मंद) ठेवल्याचा फटका वाटतो त्यापेक्षा मोठा बसतो.

विमान बरोबर डोक्यावर असताना त्याचं सगळं वजन तुमच्याच दिशेला ओढतं. म्हणजे वरच्या आकड्यांतून १.१ किलो वजा करायचे. ५.२ सेकंदांच्या फेरीला डोक्यावर २ किलो उरतात. ६.५ ला जेमतेम ०.९, आणि चढताना वेग पडतो तो वेगळाच. तेव्हा पहिलं काम स्टॉपवॉचचं. पाच फेऱ्या मोजा, पाचानं भागा. ५.० ते ५.५ सेकंदांच्या बाहेर असाल तर आधी इंजिन, प्रॉपेलर आणि टाकी पाहा. तोपर्यंत बाकीच्या तपासण्यांतून काही निष्पन्न होणार नाही.

फेरीचा वेळ बरोबर आहे आणि तरी लाइन ढिली पडते? मग पुढे वाचा.

रोग पंखाचा की वजनाचा: एका उड्डाणात कळतं

डोळ्यांच्या उंचीवर, दीड-दोन मीटरवर, सरळ फेऱ्या मारा. तुम्ही आतल्या पंखाच्या टोकाकडून पंखाच्या लांबीत बघत असता. पंख अगदी सपाट असेल तर फक्त त्याची कड दिसते. बाहेरचं टोक वर उचललेलं असेल तर पंखाचा आकाशाकडचा पृष्ठभाग दिसतो. ते खाली झुकलेलं असेल तर जमिनीकडचा. काय दिसलं ते लक्षात ठेवा आणि मग त्याच उंचीवर उलटं उडवून पुन्हा बघा. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला वेगळे रंग दिले असतील तर हे काम सोपं होतं. जुन्या विमानांचे दुरंगी पंख इथे उपयोगी पडतात.

सरळ आणि उलट्या, दोन्ही उड्डाणांत विमानाची एकच बाजू दिसली, समजा दोन्ही वेळा वरचाच रंग, तर पंखाला पीळ आहे. बाहेरच्या पंखाची पुढची कड वर वळलेली असली की सरळ उड्डाणात तो पंख वर उचलला जातो आणि उलट्यात तोच खाली ढकलला जातो. सरळ उडताना लाइन ढिली आणि उलटं उडताना घट्ट, अशी तक्रार असेल तर तीही याचीच खूण. (उलट बाजूनं पीळ असेल तर दोन्ही वेळा खालचा रंग दिसेल आणि उलट्या उड्डाणात ढिली पडेल.)

सरळ उडताना वरचा रंग आणि उलटं उडताना खालचा रंग दिसला, म्हणजे बाहेरचं टोक दोन्ही वेळा आकाशाकडेच आहे, तर बाहेरच्या पंखात वजन कमी आहे. नेमकं याच्या उलट दिसलं तर वजन जास्त आहे.

दोन्ही वेळा फक्त कड दिसली आणि तरी ताण जातो, तर दोष कलण्याचा नाही, नाकाच्या दिशेचा आहे. तेव्हा लीड-आउट पाहा, म्हणजे आतल्या पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या आणि लाइनला जोडलेल्या दोन तारा.

पीळ असल्यासारखी लक्षणं दिसतात पण पंख मोजून सरळ भरतो, असंही होतं. लीड-आउट बाहेर पडण्याची जागा विमानाच्या उभ्या गुरुत्वमध्यापेक्षा वर किंवा खाली असेल तर अगदी हाच परिणाम होतो. इंजिनाचा टॉर्कही (प्रॉपेलर फिरवण्याची उलटी प्रतिक्रिया) विमानाला डावीकडे, म्हणजे आतच, वळवत असतो, पण पूर्ण वेगात तो इतका जाणवत नाही. त्याचा खरा त्रास टेक-ऑफला होतो.

पीळ: मोजणं, काढणं, आणि तो परत का येतो

पंख सपाट फळीवर ठेवा, मधल्या भागाला आधार द्या. दोन्ही टोकांना पुढच्या कडेची आणि मागच्या कडेची फळीपासूनची उंची मोजा. पुढची वजा मागची, हा फरक डाव्या-उजव्या पंखात १.५ मिमीपेक्षा जास्त वेगळा असू नये. पंख धडात चिकटवून झाला असेल तर विमान मागून, मीटरभर अंतरावरून एक डोळा मिटून पाहा. मागच्या कडेमागून मुख्य स्पारची (पंखाच्या लांबीत जाणाऱ्या लाकडी पट्टीची) रेघ सारख्या अंतरावर पळते का ते बघा. सरावानं २ मिमीचा पीळ डोळ्याला दिसतो.

कागद, सिल्कस्पॅन (मजबूत तंतुमय कागद) किंवा रेशमावर डोप (आवरण आकसून घट्ट करणारं लॅकर) दिलेला पंख असेल तर वाफेनं पीळ निघतो. दोघं जण लागतात. एकानं पंख पिळाच्या उलट दिशेला, जितका पीळ आहे त्याच्या साधारण दुप्पट, वळवून धरायचा. दुसऱ्यानं उकळत्या किटलीच्या चोचीपासून १० ते १५ सेंमीवरून पंखाच्या दोन्ही बाजू मिनिटभर फिरवून वाफवायच्या. मग वाफ बंद, पण हात सोडायचे नाहीत. पंख पूर्ण गार होईपर्यंत, चारपाच मिनिटं, तसाच धरून ठेवा. घाईनं सोडला की अर्धा पीळ परत येतो. पंख पांढऱ्या डिंकानं जोडलेला असेल तर वाफ जपून द्या, उष्णता आणि ओलाव्यानं ते सांधे मऊ पडतात. इपॉक्सीचे सांधेही उष्णतेनं मऊ पडतात, तिथेही जपा.

इस्त्रीनं लावायची प्लॅस्टिक फिल्म असेल तर पंख उलट पिळून धरा आणि ज्या बाजूला तिरप्या सुरकुत्या उठतील ती बाजू हीट गनने ओढून घ्या. मग दुसरी बाजू. हेही गार होईपर्यंत धरायचं.

पीळ थोडाच असेल, किंवा वाफ देऊनही हटत नसेल, तर उलटा तोल साधा. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) असलेल्या विमानात, बाहेरचं टोक सरळ उड्डाणात वर जात असेल तर बाहेरचा फ्लॅप आतल्याच्या तुलनेत १ ते १.५ मिमी वर वाकवा. फ्लॅप हॉर्नची (दोन्ही फ्लॅप जोडणारी) तार दोन पकडींनी धरून मुरगळली की पुरतं, पण लाकडात रुतलेल्या भागावर जोर येऊ देऊ नका. फ्लॅप नसलेल्या रिंगमास्टरसारख्या पंखाला ०.५ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ७५ × २० मिमीचा तुकडा बाहेरच्या टोकाजवळ मागच्या कडेला चिकटवा आणि ३ मिमी वर वाकवा. उडवून बघा, मग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं बदला. दिसायला बरं नाही, पण ताण परत येतो आणि पुढच्या डोपच्या वेळी तो तुकडा काढून टाकता येतो.

आता पीळ परत का येतो. डोप वाळला म्हणजे आकसायचा थांबला असं नाही, तो काही आठवडे हळूहळू ओढत राहतो. पंखाच्या एका बाजूला एक कोट जास्त बसला असेल, किंवा डाव्या पंखातले स्पार एका शीटमधून आणि उजव्यातले दुसऱ्या, हलक्या शीटमधून कापले असतील, तर ती ओढ असमान राहते आणि कमकुवत बाजू वळते. तेव्हा इलाज बांधणीतच करायचा. स्पारच्या चारही पट्ट्या एकाच शीटमधून, लगतच्या कापा. त्या एका टोकाला धरून वाकवून बघा आणि सारख्या वाकणाऱ्या जोड्या वर-खाली लावा. पुढची आणि मागची कडही डाव्या-उजव्या पंखाला तोलून सारख्या वजनाची निवडा.

डोप पहिल्या कोटांना पन्नास-पन्नास थिनर घालून पातळ करा. १०० मिलि डोपमध्ये साधारण १० थेंब एरंडेल घातलं तर फिल्म लवचीक राहते आणि नंतरचं आकसणं कमी होतं. वरची आणि खालची बाजू एकाच बैठकीत, सारख्या कोटांनी. कोट दिल्यावर स्पर्शाला कोरडा झाला की पंख फळीवर टाचण्या आणि पाचरींनी सपाट बसवा, खालून हवा खेळू द्या, आणि किमान रात्रभर तसाच सोडा. नायट्रेट डोप छान आकसतो पण ग्लो इंधनापुढे टिकत नाही. म्हणून आकसायचं काम नायट्रेटनं उरकून शेवटचे कोट ब्युटिरेटचे किंवा दोन घटकांच्या इंधनरोधक क्लिअरचे द्या. ब्युटिरेटवर नायट्रेट देऊ नये, ते धरत नाही. एवढं करूनही पहिल्या महिन्यात दोनदा आणि हवामान पालटल्यावर एकदा पंख पुन्हा मोजा.

लीड-आउट: सगळ्यात दुर्लक्षित जागा

उडताना लाइन सरळ रेघेत नसतात. हवेच्या विरोधानं त्या मागे फुगतात आणि विमानाशी पोचताना थोड्या मागच्या बाजूनं येतात. वरच्या आकड्यांच्या विमानासाठी हा कोन साधारण २ अंश येतो. गंमत अशी की तो वेगानं बदलत नाही, कारण हवेचा विरोध आणि ताण दोन्ही वेगाच्या वर्गानं वाढतात. तो बदलतो लाइनच्या जाडीनं, लांबीनं आणि विमानाच्या वजनानं. ०.३८ ऐवजी ०.३० मिमीच्या लाइन लावल्या तर कोन दीड अंशाच्या जरा वर येतो.

विमानाची ठेवण ओढीच्या रेषेत बसते. म्हणून लीड-आउट पंखाच्या टोकातून जिथे बाहेर पडतात त्या दोन भोकांचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे असायला हवा: ६४० मिमी अंतरावर २ अंश म्हणजे सुमारे २२ मिमी. मध्य गुरुत्वमध्याच्या रेषेत किंवा पुढे आला तर लाइन नाकालाच आत ओढते. मग रडर कितीही वळवा. फार मागे, समजा ४० मिमी, गेला तर नाक भलतंच बाहेर राहतं, वेग कमी होतो आणि प्रत्येक कोपऱ्यात विमान शेपटी हलवतं.

इथे एक जुना गैरसमज आड येतो. बेलक्रँकचा (लीड-आउटची ओढ पुशरॉड नावाच्या तारेनं एलिव्हेटरकडे नेणाऱ्या फिरत्या पट्टीचा) खिळा कुठे आहे याचा नाकाच्या दिशेशी संबंध नाही. बेलक्रँक २० मिमी पुढे-मागे सरकवला तरी ओढीची रेषा भोकांवरूनच ठरते. नकाशात बेलक्रँक गुरुत्वमध्याच्या मागे दाखवला आहे म्हणून समाधान मानू नका, भोकं कुठे आहेत ते मोजा.

मोजण्यापेक्षा टांगून पाहणं सोपं आणि जास्त खरं. दोन्ही लीड-आउटच्या टोकांत दोरा ओवा, एलिव्हेटर मध्यावर ठेवून विमान टांगा, बाहेरचा पंख खाली. आता विमानाकडे पोटाच्या किंवा पाठीच्या बाजूनं बघा: नाक आडव्या रेषेच्या साधारण २ अंश खाली झुकलेलं हवं. धडाच्या ५०० मिमी लांबीत हा उतार १७-१८ मिमी भरतो. नाक आडवं किंवा वर असेल तर तोच तुमचा रोग. मग समोरून, प्रॉपेलरच्या बाजूनं बघा: पंख ओळंब्याच्या रेषेत हवा. तिरका असेल तर लीड-आउटची उंची आणि उभा गुरुत्वमध्य जुळत नाहीत. जड चाकं आणि जाड तारेचे पाय लावलेल्या विमानांत हे हमखास दिसतं. तिथे हलकी चाकं लावणं किंवा भोकं तेवढी खाली घेणं, दोन्ही चालतं.

ही टांगणी रिकाम्या टाकीनं करा. यात निम्म्या तक्रारींचं उत्तर आहे, निदान ज्या तक्रारी "सुरुवातीला घट्ट असतं, शेवटी शेवटी ढिलं पडतं" अशा असतात त्यांचं. टाकीत १२० मिलि इंधन म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम. टाकी गुरुत्वमध्याच्या १३० मिमी पुढे असेल तर ती रिकामी होईतो गुरुत्वमध्य ११ मिमी मागे सरकतो. भरलेल्या टाकीला लीड-आउट १२ मिमी मागे होते, तर शेवटच्या दोन मिनिटांत ते जवळजवळ गुरुत्वमध्याच्या रेषेत आलेले असतात. आणि डोक्यावरून जाणाऱ्या आकृत्या नेमक्या शेवटीच येतात.

भोकं पक्की असलेल्या जुन्या पंखाला सरकता गाइड बसवता येतो. आतल्या टोकाच्या कडेला १.५ मिमी प्लायवूडची पट्टी चिकटवा, तीत ६० मिमी लांबीची खाच कापा. दोन भोकांची वेगळी छोटी पट्टी, भोकांत १८ ते २० मिमी अंतर आणि आत पितळी बुश, एका ३ मिमी स्क्रूनं खाचेवर घट्ट करा. आतल्या शेवटच्या रिबची (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळीची) भोकंही लांबट करा, नाहीतर लीड-आउट तिथे घासतील. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर हवाच. कंपनानं गाइड पुढे सरकणं हे दोष परत येण्याचं एक साधं कारण आहे, म्हणून बसवल्यावर पट्टीच्या कडेला पेन्सिलची खूण करून ठेवा आणि प्रत्येक उड्डाणाआधी तिच्याकडे नजर टाका.

गाइड एका वेळी ३ मिमी सरकवा आणि मध्ये दुसरं काहीही बदलू नका.

टोकातलं वजन

बाहेरच्या पंखातलं वजन मुख्यतः लाइनचं वजन तोलण्यासाठी असतं. ०.३८ मिमीच्या १८.३ मीटरच्या दोन लाइन मिळून सुमारे २५ ग्रॅम भरतात, त्यातला अर्धा भार विमानाकडे येतो. शिवाय बऱ्याच जुन्या आराखड्यांत आतला पंख २५ ते ५० मिमी जास्त लांब असतो, कारण बाहेरचा पंख मोठ्या वर्तुळात, जास्त वेगानं जातो. त्या जादा लाकडाचा तोलही साधावा लागतो. सगळं मिळून १५ ते ३० ग्रॅममध्ये काम भागतं. ५० ग्रॅमच्या पुढे गेलात तर तुम्ही पीळ वजनानं दाबत आहात.

जास्त वजनाचा पुरावा चौकोनी लूपच्या कोपऱ्यात मिळतो: विमान झटक्यात वळताना बाहेरचं टोक मागे रेंगाळतं आणि पंख बिजागरीवर झुलल्यासारखा हलतो. टोकात झाकणाची पेटी करा, शिशाचे ३-३ ग्रॅमचे तुकडे ठेवा. कोपऱ्यात टोक जरा झुकेपर्यंत वाढवा, मग एक-एक तुकडा काढत ते थांबवा. तुकडे फोमनं घट्ट दाबून ठेवा.

रडर आणि इंजिनाचा कोन

जुन्या नकाशांत रडर १२ मिमी किंवा त्याहून जास्त बाहेर वळवलेला दिसतो. त्या काळच्या कमी ताकदीच्या इंजिनांना आणि पक्क्या लीड-आउटना धरून ते ठीक होतं. लीड-आउट जागेवर असतील तर मागच्या कडेला ५-६ मिमी पुरे, पुढे शून्याकडे गेलात तरी चालेल. रडर विमानाला सतत तिरकं ओढतो, म्हणजे सतत वेग खातो.

इंजिन १.५ ते २ अंश बाहेर वळलेलं असावं. सपाट धडाच्या विमानात, जिथे इंजिनाचे कान धडाच्या बाहेरच्या बाजूवर बसतात, पुढच्या दोन बोल्टांखाली वॉशर घालायचे. भोकांमधलं अंतर १४ मिमी असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर बरोबर २ अंश देतो. मागच्या बोल्टांखाली घातले तर इंजिन आत वळतं, ही चूक डोळ्यांदेखत होते. बेअरर (इंजिन ज्यावर बसतं त्या पट्ट्या) लाकडाचे असतील तर बोल्टखाली पातळ पत्र्याची पट्टी द्या, नाहीतर तेलानं भिजलेलं लाकूड दबतं आणि कोन महिन्याभरात नाहीसा होतो.

फक्त बाहेरच्या लूपमध्ये ताण जात असेल तर प्रॉपेलरची जायरो क्रिया आठवा. नाक वर घेताना ती विमानाला बाहेर वळवते, नाक खाली दाबताना आत. हलका लाकडी प्रॉपेलर लावला की बराच फरक पडतो.

घर्षण: ताण आहे, पण विमान ऐकत नाही

लाइन ढिली वाटते पण प्रत्यक्षात कंट्रोल अडकत असतात, असंही होतं. विमान शेपटी वर करून धरा. एलिव्हेटर आणि फ्लॅप स्वतःच्या वजनानं पडले पाहिजेत. अडकले तर पुशरॉड सोडवा आणि कुठला भाग जड आहे ते एकेक करून शोधा. कापडी बिजागऱ्यांत डोप मुरला असेल तर थिनरचा बोळा फिरवून त्या मोकळ्या करा. बेलक्रँकच्या खिळ्याखाली वाळलेलं एरंडेल चिकट गोंदासारखं बसतं, ते स्पिरिटनं निघतं. पुशरॉड २.४ मिमी तारेचा असू द्या आणि सपाट धडाच्या विमानात त्याला मध्ये एक आधार द्या. नाहीतर ढकलताना तो वाकतो आणि एका बाजूचं कंट्रोल कमी पडतं.

लाइनही कोरड्या कापडानं, मग स्पिरिटनं पुसा. लूपनंतर त्या एकमेकींभोवती वळतात, आणि स्वच्छ असतील तरच त्या वळणांतून सरकतात.

टाकीची उंची

सरळ आणि उलट्या फेरीचे वेळ वेगवेगळे मोजा. उलटी फेरी वेगवान येत असेल, म्हणजे इंजिन उलट्यात लीन (इंधन कमी, म्हणून वेगवान) होत असेल, तर टाकी वर आहे, ती खाली घ्या. उलटी फेरी मंद असेल तर टाकी वर उचला. एका वेळी १.५ मिमी. फरक ०.१ सेकंदाच्या आत आला की पुरे. सरळ उडताना रिच असलेल्या विमानाचा ताण सरळ उड्डाणातच कमी पडतो, आणि ते लक्षण पिळासारखं भासतं. म्हणून पीळ काढण्याआधी ही मोजणी करून टाका.

टेक-ऑफ आणि वारा

जमिनीवरून सुटतानाच विमान आत येत असेल तर चाकं बघा. गुळगुळीत जमिनीवर ढकलून सोडा. तीन मीटरमध्ये ते १०-१५ सेंमी बाहेर वळलं पाहिजे, आत कधीच नाही. वेग कमी असताना ताण नसतो आणि टॉर्क मात्र पूर्ण असतो, त्यामुळे चाकांची थोडी चूकही इथे महागात पडते.

वारा असेल तर विमान अशा जागेवरून सोडा की अष्टमांश फेरीत ते तुमच्यापासून बरोबर वाऱ्याच्या दिशेला पोचेल. तिथे वारा त्याला बाहेर ढकलतो. सगळ्या आकृत्याही त्याच बाजूला करा. वारा ज्या बाजूनं येतो तिकडे विमान असताना तोच वारा त्याला तुमच्याकडे ढकलतो, आणि तिथे सर्वांत नीट जुळवलेलं विमानही ताण सोडतं. तो दोष विमानाचा नाही, त्यावर शिसं घालू नका.

हवेत लाइन ढिली पडलीच तर

मागे धावा. विमानापासून दूर, सरळ मागे, आणि हँडलचा हात छातीशी ओढत. ढिल्या लाइनवर हँडल जोरानं हलवून काही होत नाही. उलट ताण परत येताच एलिव्हेटर पूर्ण वळलेलं राहतं आणि विमान जमिनीत शिरतं. हँडल मध्यावर ठेवा, ताण हाताला जाणवला की मगच हळू वर घ्या. मनगटाला दोरीचा पट्टा बांधलेला असलाच पाहिजे. मैदानाजवळ विजेच्या तारा असतील तर तिथे उडवूच नका, लाइन पोलादाच्या आहेत.

अशा प्रसंगात ताण परत येतो तो झटक्यानं. त्यामुळे उतरल्यावर लगेच दुसरं उड्डाण करू नका. लीड-आउटच्या टोकांची गुंडाळी, बेलक्रँकची प्लायवूड बैठक, क्लिप आणि हँडलची वायर तपासा. मग एकानं विमान धडाला, पंखाच्या मुळाशी, पकडून दुसऱ्यानं हँडलवरून वजनाच्या १० पट, म्हणजे या विमानाला ११ किलो, ओढ देऊन पाहा. ताणकाटा लाइन आणि हँडलच्या मध्ये लावला की आकडा नेमका मिळतो. बैठकीतून करकर ऐकू आली तर पंख उघडावा लागेल. लाइनवर कुठे नखाला लागेल असा कोपरा पडला असेल तर ती वापरातून काढा, आणि तिच्या जोडीचीही. नवी आणि जुनी लाइन एकत्र लावली तर ताणाखाली त्यांची लांबी सारखी राहत नाही, आणि एलिव्हेटरचा मध्य प्रत्येक उड्डाणात थोडा सरकत राहतो.